मुक्कामाची गाडी

त्या रविवारी दुपारभर बाबा चहा पीत होते. आई स्वयंपाकघरातून कप घेऊन यायची, "घ्या, केव्हाचा टाकीन टाकीन म्हणत होते," म्हणायची आणि बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून कप हातात घ्यायचे. थोड्या वेळाने ती पुन्हा उठायची. पुन्हा पातेल्याचा आवाज, पुन्हा कप, पुन्हा तेच वाक्य. "आत्ताच तर घेतला," असं बाबांनी एकदाही म्हटलं नाही. दोन घोट प्यायचे आणि तिची पाठ वळली की उरलेला माझ्यापुढे सरकवायचे.

"मला नको. पित्त झालंय मला," मी हळूच म्हटलं.

"मग कढीपत्त्याला घाल. तिला दिसेल असा घालू नकोस म्हणजे झालं."

माझे बाबा, हिंदुराव मोहिते, विटा आगारात एस्टीचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते डेपोत जायचे आणि सुटणाऱ्या गाड्या बघत बसायचे. नव्या विजेच्या गाड्यांवर त्यांचा राग होता. "आली तरी कळत नाही, गेली तरी कळत नाही. आणि ड्रायव्हर कशाला, तर नुसता बसायला. गाडी आपली आपणच वळते." मी विट्याच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे घर सोडायचा प्रश्न आला नाही. मागच्या खोलीत बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या. ती तिशीतच विधवा होऊन आमच्याकडे आली आणि आमचीच झाली.

आईचा आजार सुरू होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. संध्याकाळी ती माझ्याशेजारी बसली आणि अदबीने म्हणाली, "बाई, तुमचं जेवण झालं का?"

"अगं मालन, ती शाळेतली बाई नव्हे, आपली जयमाला ती," बाबा म्हणाले.

"असं होय? मग आधी सांगायचं. मी उगीच अहोजाहो करत बसले."

आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा. त्या दिवसांत आमच्या घरात पुष्कळ हसणं असायचं. बाबांनी ते शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी "आलोच," म्हणून ते डेपोत गेले आणि कंट्रोल केबिनशेजारच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं.

त्यांना घरी आणलं तेव्हा आई रडली, सगळ्यांसारखीच रडली. दुसऱ्या दिवशी उठल्यावर तिने विचारलं, "हे कुठं गेले गं सकाळी सकाळी?"

आत्याने तिचा हात धरला. "वहिनी, दादा गेला गं."

"कुठल्या गाडीवर?"

आम्ही मराठी माणसं मरणाला मरण म्हणत नाही. माणूस जातो, एवढंच म्हणतो. आणि माझ्या आईचा सगळा संसार जाण्यायेण्यातच गेला होता. बाबा जायचे, यायचे. मुक्कामाची गाडी असली की रात्री खेड्यात गाडी उभी करून तिथेच झोपायचे आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परत यायचे. "गेले" हा शब्द आमच्या घरात ड्युटीचा होता.

मग कुणीतरी शेजारीण तिला स्पष्ट शब्दांत सांगायची. आई हंबरडा फोडायची, नव्याने, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. कारण ती ते पहिल्यांदाच ऐकत असायची. तासाभरात सगळं पुसलं जायचं आणि ती दाराकडे बघत विचारायची, "हे आले का?" असं काही वेळा झाल्यावर आम्ही ठरवलं की आता पुरे. तिने विचारलं की म्हणायचं, "मुक्कामाच्या गाडीवर गेलेत." तिला ते लगेच पटायचं. आत्या रोज सकाळी तिची वेणी घालून कपाळाला कुंकू लावायची. ज्या बाईच्या स्वतःच्या कपाळावर चाळीस वर्षं काही नव्हतं, ती हे काम करताना माझ्याकडे बघायची नाही.

पुढे आईने विचारणंच बंद केलं. मला वाटलं, आजार तिथवर पोचला.

मी स्वतः मात्र 'बाबा वारले' हे वाक्य कधीच उच्चारलं नव्हतं. सुरुवातीला माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी ते बोलत होतं, आणि नंतर ते घरात बोलायचंच नव्हतं. जिथे बाबा रोज मुक्कामाला गेलेले असत, तिथे मी त्यांच्यासाठी रडणार तरी कशी?

*

मिरजेच्या एका इस्पितळात नवे उपचार सुरू झाल्याचं कळलं तेव्हा मी आईला घेऊन गेले. मला हवं होतं ते अगदी थोडं होतं. तिने मला बाई म्हणू नये.

डॉ. केळुसकर म्हणजे तिशीतली, चटपटीत, मुंबईत वाढलेली मुलगी. मी प्राणिशास्त्राची आहे म्हटल्यावर तिने भराभर समजावलं. पण मला ते पुन्हा माझ्या भाषेत मांडून बघावं लागलं.

एखादा प्रसंग घडतो तेव्हा मेंदूतल्या काही पेशी एकदम जाग्या होतात आणि एकमेकींशी जोडल्या जातात. पुढे कधी त्यातल्या थोड्या जरी जाग्या झाल्या तरी त्यांच्या पाठोपाठ बाकीच्या उठतात. आठवणं म्हणजे हेच. या पेशींच्या फांद्यांवर बारीक अंकुर असतात आणि जोडणी होते ती या अंकुरांतून. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून हिप्पोकॅम्पस म्हणतात, त्या भागात ही वर्दळ सर्वांत जास्त. आईच्या आजारात आधी हे अंकुर झडतात. पेशी मात्र पुष्कळ काळ जिवंत राहते. आठवणीतला तिचा वाटा तिच्याजवळ असतो, पण तिला मारलेली हाक पोचत नाही.

उपचार हाक पोचवण्याचा होता. डोक्यावर एक टोपी बसवायची. तिच्यातून ध्वनिलहरी नेमक्या जागी एकवटायच्या. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत तेवढ्यापुरती सैल होते आणि शिरेतून दिलेलं औषध आत शिरतं. त्याने अंकुर पुन्हा फुटतात, पण त्या वेळी ज्या पेशी जाग्या असतील, त्यांच्यावरच. म्हणून टोपी चालू असताना रुग्णाशी बोलत राहायचं, आणि बोलणारं माणूस घरचंच हवं. इस्पितळातले लोक याला उजळणी म्हणत. पाढ्यांची करतात तीच. मात्र उजळण्या मोजक्याच करता येतात. फार केल्या तर शरीर औषधालाच शत्रू समजू लागतं.

आधी आईची चाचणी झाली. मला बाहेर बसवलं होतं. डॉक्टर निकाल घेऊन आल्या.

"बालपण छान आहे. माहेर, शाळा, भावंडं. तुम्ही पुसट आहात, पण आहात. पतीबद्दल मात्र काहीच नाही. नाव विचारलं, तीन वेळा विचारलं, नुसत्या खाली बघत राहिल्या. फोटो दाखवला तर तोंड फिरवलं." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचे वडील अलीकडेच वारले ना? मग एका अर्थी बरंच म्हणायचं. त्या पेशी उठणारच नसतील तर सांगण्याचाही प्रश्न नाही, दुःखाचाही नाही. आपण तो विषयच काढायचा नाही."

मला आधी हायसं वाटलं, आणि गाडीत बसल्यावर वाईट वाटलं. बाबांनी इतके चहा कढीपत्त्याला घातले, आणि आता ते कुठेच उरले नव्हते.

*

उजळण्या सुरू झाल्या. आम्ही तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोललो, गाभण म्हशीबद्दल बोललो, मी तापाने फणफणले होते त्या दिवाळीबद्दल बोललो. एका उजळणीनंतर घरी येताना आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जयमाले, तासगाव आलं बघ." मी गाडी बाजूला घेतली. आई म्हणाली, "का गं, थांबलीस का? द्राक्षं घ्यायचीत?" मी म्हटलं, हो, आणि खरंच द्राक्षं घेतली.

ती आता कालचं आज सांगू लागली. एका चहावर भागू लागलं. आत्याला तर चेव आला होता. जेवताना ती आईची मस्करी करू लागली.

"काय गं वहिनी, दवाखान्यात म्हणे नवऱ्याचं नाव विसरलीस?"

"विसरायला काय धाड भरलीय मला?" आईने भाकरी खाली ठेवली. "ती अंगठ्याएवढी पोरगी. ओळख ना देख, आणि 'नवऱ्याचं नाव सांगा, नवऱ्याचं नाव सांगा' म्हणून पाठीमागं लागली. त्यात यांचा फोटो माझ्या तोंडापुढं धरला. परक्या माणसापुढं बघत बसू व्हय यांच्याकडं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. जन्मापासून मी आईच्या तोंडून "हे" आणि "अहो" यांपलीकडे काही ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तरी ती मला पुढे करायची. हे मला इतकं माहीत होतं की ते आठवलंच नाही.

"मग आता आम्हाला सांग की," आत्या म्हणाली. "घे नाव. आम्ही काय परक्या?"

"तुला कशाला? तुझा भाऊच हाय की."

"घे गं."

आईने पदर सारखा केला. ऐंशीला टेकलेल्या त्या चेहऱ्यावर लाज अशी पसरली की मलाच खाली बघावंसं वाटलं.

"विट्याहून निघाली गाडी, पुढं भिवघाटाची चढण, हिंदुरावांच्या हाती स्टेअरिंग, मला कसली अडचण!"

आत्याने टाळी वाजवली आणि वाजवता वाजवता तिचे डोळे भरले. आईने ते पाहिलं. तिचं हसू विझलं.

"बघ," ती म्हणाली. "म्हणूनच मी यांचा विषय काढत न्हाय. काढला की तुमची तोंडं उतरतात."

*

डॉ. केळुसकरांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी हसत कपाळाला हात लावला. "माझी आजी लग्नात नाव घ्यायची. मला वाटायचं, तेवढ्यापुरती गंमत." मग हसणं थांबवून त्या म्हणाल्या, "पण मॅडम, मग हे वेगळं झालं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. घटना साठवणारी जागा आणि भावना साठवणारी जागा मेंदूत वेगळ्या आहेत. आईच्या मनातून बाबांच्या मरणाची बातमी दर वेळी पुसली गेली, पण त्या बातमीने बसलेला धक्का पुसला गेला नाही. कशाने ते कळत नव्हतं, पण बाबांचं नाव काढलं की काहीतरी वाईट होतं, एवढं तिच्या शरीराने लक्षात ठेवलं. म्हणून तिने विचारणं सोडलं. ती त्यांना विसरली होती म्हणून नव्हे.

"आता शेवटची उजळणी उरली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात आई तुमच्या वडिलांबद्दल विचारतील असं धरून चला. त्या वेळी तुम्ही जे सांगाल ते पक्कं बसेल. खरं सांगितलंत तर त्या दुःख करतील, पण एकदाच. रोज नव्याने नाही. आणि मुक्कामाला गेलेत असं सांगितलंत तर तेही तितकंच पक्कं बसेल. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते पेशींना कळत नाही. तुमच्या आई वाट बघतील. आणि आता आपण कधीपासून वाट बघतोय, तेही त्यांच्या लक्षात राहील."

"आणि विषय बदलला तर?"

"तर बदलला. मग पुढे केव्हातरी घरीच कळेल. ते टिकेल की नाही, सांगता येत नाही. कदाचित पुन्हा तेच चक्र."

आत्याला मी हे सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"तू विषय बदल," ती म्हणाली.

"आत्या, ती रोज दाराकडे बघते."

"बघू दे की. वाट बघणारी बाई सवाष्ण असती, जयमाले. मला ती वाट मिळाली असती तर मी जन्मभर बघितली असती."

"तुला कुणी खोटं सांगून बसवलं असतं तर चाललं असतं?"

तिने पुढची पाकळी उचलली. मग म्हणाली, "मला सांगायला आलेल्यांनी दारातूनच ओरडून सांगितलं होतं. मी धुणं वाळत घालत होते." तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "माझ्या भावासाठी मला मोठ्यानं रडायचंय, ते खरं हाय. या घरात तोंडात पदर कोंबून रडावं लागतं. पण तिच्या जिवावर मला रडायचं न्हाय. तू विषय बदल."

मी काहीच कबूल केलं नाही.

*

शेवटच्या उजळणीला आईने ठेवणीतलं लुगडं नेसायचा हट्ट धरला. टोपीखाली केस चेपतील म्हणून कुरकुर केली. डॉ. केळुसकर काचेपलीकडे पडद्यासमोर बसल्या. माझ्या कानात त्यांचा आवाज येत होता. शिरेत सुई गेली तेव्हा आईने माझं बोट धरलं आणि मग सोडलं नाही.

सुरुवातीला मी माझ्या शाळेबद्दल बोलले. मग ती आपणहून तिच्या लग्नाकडे गेली. वऱ्हाड एस्टीतून आलं होतं, गाडी नवरदेवाच्या मित्राने चालवली, आणि घाटात त्याला जमेना तेव्हा नवरदेवच बाशिंग बाजूला सारून स्टेअरिंगवर बसला. "माझा बाप म्हणाला, हा काय नवरा म्हणायचा! आणि मी मनात म्हटलं, हाच."

"खूप छान," कानात आवाज आला. "सगळा भाग जागा आहे. असंच चालू द्या."

आई हसत होती. हसता हसता तिची नजर माझ्यावर स्थिरावली. गेल्या तीन-चार वर्षांत तिने असं माझ्याकडे बघितलं नव्हतं. ही माझी आई होती. मी खोटं बोलले की जिला कळायचं, ती.

"जयमाले, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"हे रुसलेत ना माझ्यावर?"

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मला सगळं कळतं आता. हे पुष्कळ दिवस घरी न्हाईत. दसरा झाला, दिवाळी झाली. एवढा कुठला मुक्काम असतो? मी अशी झाले, मला काही उमजेना, एकच गोष्ट दहादा विचारायची. कंटाळले असतील. माणूस किती सोसंल?" तिने माझं बोट घट्ट दाबलं. "ते रागावून गेले असतील तर तसं सांग. तुम्ही दोघी माझ्यापासून लपवता, ते मला जास्त लागतं. मी जाऊन त्यांची समजूत काढीन. माझं ऐकतात ते."

कानात डॉक्टरांचा आवाज आला, अगदी हलका. "मॅडम, हवं तर विषय बदलू शकता. अजून वेळ आहे."

मी कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं.

इतके दिवस मी तोलत होते ते तिचं सुख आणि तिचं दुःख. या तिसऱ्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. आम्ही मोकळी ठेवलेली जागा तिने स्वतःच भरून काढली होती, आणि भरली ती स्वतःच्या दोषाने. ज्या माणसाने तिच्या हातचा प्रत्येक कप घेतला, तो तिला कंटाळून निघून गेला, असं ती आता कायमचं लक्षात ठेवणार होती.

"आई, बाबा गेले," मी म्हणाले.

"ते दिसतंयच की. कुठं गेले, ते विचारतेय मी."

तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मी दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"ते रुसले नाहीत आई, एक दिवससुद्धा नाही. बाबा वारले. डेपोत, बाकावर बसल्या बसल्या. आता ते येणार नाहीत." माझा आवाज फुटला आणि मी तो आवरला नाही. "मला त्यांची फार आठवण येते गं."